फराळाचे पंधराशे डॉलर

गेल्या दिवाळीत या सदरात मी इथल्या इलेक्ट्रिक शेगडीवर अनारसे का हसतात यावर लिहिलं होतं. त्यावर इतके फोन आले की यंदाही फराळावरच लिही, असं संपादकांनी सुचवलं. फराळ यातही आहे. पण विषय आहे आमच्या जवळच्या एका छोट्या कॉलेजातल्या विद्यार्थी सेनेटचा. कंटाळू नका, थोडं पुढे वाचा.

आमचं घर फिलाडेल्फियाच्या उपनगरात आहे. गाडीनं पंधरा मिनिटांवर हे कॉलेज. जेमतेम दीड हजार मुलं, जुनी दगडी इमारत, मोठाली मेपलची झाडं. तीन वर्षांपूर्वी आम्ही तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी ‘होस्ट फॅमिली’ म्हणून नाव नोंदवलं. मूल घरी राहायला येत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी जेवायला बोलवायचं, सणावाराला आणायचं, एवढंच. आमच्या वाट्याला आली बार्शीची एक मुलगी, पूर्ण शिष्यवृत्तीवर आलेली. पहिल्याच दिवशी तिनं मला ‘काकू’ म्हटलं. पस्तिशीतल्या बाईला काकू! मी तिला दोन वाढपी पोळ्या जास्त वाढल्या आणि ‘ताई’वर तडजोड केली. ‘तुम्ही’ मात्र तिनं सोडलं नाही.

गेल्या वर्षी सप्टेंबरात तिचा फोन आला. “ताई, मंगळवारी रात्री सेनेटची मीटिंग आहे. दिवाळीच्या पैशांचा विषय आहे. पाहुण्यांना बसता येतं. येणार का?”

येणार म्हणजे काय! कॉलेजातल्या दक्षिण आशियाई क्लबची दिवाळी दर वर्षी होते आणि त्या वर्षी मंडळातल्या आम्ही पाच जणींनी फराळ करून द्यायचं कबूल केलं होतं. शिवाय ही मुलगी सेनेटवर निवडून आली होती, पैसे वाटणाऱ्या समितीवरही होती. म्हटलं, घरचंच माणूस आत आहे, आता काळजी नको. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण पुढे जे झालं त्यात माझी हीच समजूत उघडी पडली.

इथली पद्धत थोडक्यात सांगते. मुलांकडून फीबरोबर ‘स्टुडंट अ‍ॅक्टिव्हिटी फी’ म्हणून वेगळी रक्कम घेतात. तो पैसा कुठल्या क्लबाला किती द्यायचा, हे विद्यार्थ्यांनी निवडलेली सेनेट ठरवते. क्लबांनी खर्चाचा एकेक आकडा लिहून मागणी करायची, समितीनं प्रश्न विचारायचे, मग सेनेटनं मत द्यायचं. बाकीच्या गोष्टींत, म्हणजे वसतिगृह कधी बंद करायचं, जेवणघर कधी उघडं ठेवायचं, परीक्षा कुठल्या दिवशी घ्यायच्या यांत, सेनेटला फक्त ठराव करून शिफारस करता येते. शेवटचा शब्द कॉलेजच्या अध्यक्षांचा आणि विश्वस्तांचा. म्हणजे खरी सत्ता एवढ्या एका पैशाच्या पेटीपुरती. पण तेवढी मात्र खरी.

आमच्या या भागात ही परंपरा जुनी आहे. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. त्या इथं शिकत असतानाच, १८८५ मध्ये, शहराबाहेर ब्रिन मॉर हे मुलींचं कॉलेज सुरू झालं. तिथल्या मुलींनी १८९२ मध्ये स्वतःची स्वशासन संघटना उभी केली. वागणुकीचे नियम नुसते पाळून घ्यायचे नव्हेत, तर ते बनवायचेही मुलींनीच, असा अधिकार कॉलेजनं त्यांना दिला. ज्या काळात या देशातल्या बहुतेक बायकांना देशाच्या निवडणुकीत मत नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट.

शेजारच्या हॅवरफर्ड कॉलेजात तर परीक्षेला पर्यवेक्षकच नसतो. तिथली ‘ऑनर कोड’ची पद्धत १८९७ मध्ये परीक्षेपासून सुरू झाली. कोड मुलांचा, तो चालवायचा मुलांनी, आणि दर वसंतात सगळ्यांनी एकत्र जमून त्याला पुन्हा मंजुरी द्यायची. नाही दिली तर? २०१८ मध्ये ती मंजुरी पहिल्या फेरीत मिळालीच नाही. मग विशेष सभा बोलवावी लागली, तेव्हा कोड परत आला. मला हे ऐकून गंमत वाटली. आपल्याकडे एकदा नियम झाला की तो भिंतीवर फ्रेममध्ये जातो. इथं दर वर्षी विचारतात, अजून पाहिजे ना?

तर मंगळवारी रात्री मी तिथं पोचले. ग्रंथालयाच्या तळघरातली खोली, मधे पिझ्झाचे खोके, अठरा सेनेटर. कुणी धावून आल्यासारखं घामेजलेलं, कुणी पायजम्यात. आधी गणपूर्ती मोजली. मग सूचना, अनुमोदन, दुरुस्ती, पुन्हा अनुमोदन. हे सगळं ‘रॉबर्ट्स रूल्स’प्रमाणे. हेन्री रॉबर्ट नावाच्या लष्करातल्या इंजिनिअरला एकदा चर्चमधली सभा चालवायला सांगितली आणि ती त्याच्या हातातून पार निसटली. म्हणून त्यानं सभेच्या नियमांचा अभ्यास केला आणि १८७६ मध्ये पुस्तक काढलं. मी राज्यशास्त्रात एम.ए. केलंय, सहा वर्षं अकरावी-बारावीला शिकवलंय, ‘गणपूर्ती म्हणजे काय’ हा दोन मार्कांचा प्रश्न शेकडो वेळा तपासलाय. पण प्रत्यक्षात कुणी माणसं मोजून सभा सुरू करताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

पडद्यावर आकडा होता : राखीव निधीत शिल्लक ५,००० डॉलर. मागण्या दोन.

पहिली दिवाळीची, ४,२०० डॉलर. डीजे १,५००, बाहेरचं जेवण १,६००, सजावट आणि मेंदी ६००, सभागृह आणि सुरक्षा ५००. न्यू जर्सीचा एक मुलगा आणि बंगळुरूची एक मुलगी उभी राहिली, दोघांनी झकास मांडलं. दोनशे मुलं येतात, सगळ्यांना खुलं असतं, वर्षातला आमचा हा एकच मोठा कार्यक्रम. मी मागच्या रांगेत बसून मान डोलावत होते.

दुसरी मागणी ३,५०० डॉलरची होती. डिसेंबरच्या मध्यापासून जवळजवळ महिनाभर सुट्टी असते. जेवणघराला कुलूप लागतं. ज्यांना घरी जाणं परवडत नाही, त्यांना वसतिगृहात राहायची परवानगी मिळते, पण खायचं काय ते ज्याचं त्यानं बघायचं. दुकान तीन मैलांवर आणि सुट्टीत कॉलेजची बसही बंद. म्हणून एका वसतिगृहातलं स्वयंपाकघर उघडं ठेवायचं, त्यात किराणा भरायचा आणि रोज एक वेळ एकत्र जेवण करायचं, अशी मागणी. घानाहून आलेल्या एका मुलानं ती मांडली. आदल्या वर्षी एकतीस मुलं मागे राहिली होती, असं त्यानं सांगितलं.

बेरीज तुम्हीही केली असेल. दोन्ही बसत नव्हतं.

आमची बार्शीकर उठली. “मी दिवाळीच्या क्लबची सभासद आहे, म्हणून त्या मागणीवर मी मत देणार नाही, हे आधी नोंदवून घ्या.” मला चर्रर्र झालं. अगं, मग तू तिथं बसलीस कशाला? आपलं एक मत गेलं की!

मग वाद सुरू झाला आणि तो साधा नव्हता. एक मुलगी म्हणाली, फी सगळे भरतात, मग दोनशे जणांचा कार्यक्रम कापून एकतिसांना का द्यायचं? एक जण म्हणाला, मुलांना जेवायला घालणं हे कॉलेजचं काम आहे. आज आपण पैसे दिले तर कॉलेज कायमचं हात झटकेल. मला हा मुद्दा पटला. आणखी कुणी म्हणालं, होस्ट फॅमिली असतात ना, त्यांच्याकडे जाता येतं.

तेव्हा आमची मुलगी दुसऱ्यांदा उठली. इंग्रजीत बोलली, पण मला ते मराठीतच आठवतं. “पहिल्या वर्षी सुट्टीत मी अकरा दिवस नूडल्स आणि कॉर्नफ्लेक्सवर काढले. माझी होस्ट फॅमिली पंधरा मिनिटांवर आहे. फार चांगली माणसं आहेत. त्यांनी मला ‘काही लागलं तर सांग’ असं दोनदा म्हटलं होतं. मला सांगायची लाज वाटली. चांगली माणसं जवळ असणं आणि फ्रीजमध्ये दूध असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.”

मी तिच्यापासून पाच-सहा हातांवर बसले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. बरंच झालं.

त्या डिसेंबरात आम्ही टेक्ससला नणंदेकडे गेलो होतो. निघताना मी तिला मेसेज केला होता. ‘काही लागलं तर सांग हं.’ शेवटी हसरा चेहरा टाकून. आणि माझं कर्तव्य झालं, असं समजून मी बॅगा भरायला घेतल्या होत्या. परत आल्यावर ती जेवायला आली तेव्हा आमटी तीनदा घेतली. आपल्या हाताला चव आहे, या आनंदात मी होते.

शेवटी ओहायोच्या एका मुलानं दुरुस्ती सुचवली. डीजे आणि बाहेरचं जेवण काढा, दिवाळीला १,५०० द्या. हिवाळी स्वयंपाकघराला पूर्ण ३,५००. आणि पुढच्या वर्षापासून हा खर्च कॉलेजनं आपल्या अंदाजपत्रकातून करावा, असा ठराव जोडा. बाजूनं अकरा, विरोधात पाच, दोन तटस्थ. त्या दोघांत एक आमची.

टाळ्या वगैरे नाहीत. पुढचा विषय सायकल ठेवण्याच्या जागेचा होता.

पार्किंगपर्यंत ती सोडायला आली. “ताई, राग आला का?”

“पंधराशेत काय होणार दिवाळी?” मी म्हटलं. खरं तर मला वेगळंच विचारायचं होतं. थोडं थांबून विचारलं, “अगं, मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही टेक्ससला गेला नसतात. मग मला अजून वाईट वाटलं असतं.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाडीत बसल्यावर बराच वेळ चावी फिरवली नाही.

मला साताऱ्याकडचं माझं कॉलेज आठवत होतं. मीही विद्यार्थी परिषदेवर होते बरं का! पण मला कुणी निवडून दिलं नव्हतं. महाराष्ट्रातल्या कॉलेजांतल्या खुल्या निवडणुकांत मारामाऱ्या व्हायच्या. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खूनही झाला. पुढे त्या निवडणुका बंद पडल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं परिषद गुणवत्तेवर नेमायची पद्धत आली. वर्गात पहिला येणारा तो वर्गप्रतिनिधी. आमच्या पिढीला ‘सीआर’ म्हणजे मार्क, एवढंच माहीत. २०१६ च्या कायद्यात खुल्या निवडणुकांची तरतूद परत आली, २०१९ मध्ये कार्यक्रमही जाहीर झाला, पण तोही पुढे ढकलला गेला. रक्त सांडण्यापेक्षा मार्क बरे, हे त्या वेळच्या लोकांचं म्हणणं मला आजही अगदीच चूक वाटत नाही. पण त्यात एक गोष्ट हरवली. मी वर्षभर परिषदेवर होते आणि कुणाचंही म्हणणं मी मांडलं नाही, कारण मी कुणाच्या मतावर तिथं गेलेच नव्हते. आम्ही स्नेहसंमेलनाला पाहुणा कोण आणायचा ते ठरवलं आणि फोटोला बसलो.

पुढे शिक्षिका झाल्यावर मीही तेच केलं. मार्कांची यादी घेऊन प्रतिनिधी नेमले. एकदा बारावीतली एक मुलगी, अभ्यासात यथातथाच, तास संपल्यावर टेबलापाशी आली. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नाही, म्हणाली. मी वह्या गोळा करत होते. म्हटलं, “अर्ज लिहून ऑफिसात दे.” ती “हो मॅडम” म्हणाली आणि गेली. अर्ज काही आला नाही. आपण स्वच्छतागृहात गेलो की मैत्रीण बाहेर उभी करायची, ही मुलींची पद्धत चालूच राहिली. मी त्याच तासाला ‘लोकशाहीत लोकसहभागाचं महत्त्व’ लिहून दिलं होतं, सहा मुद्द्यांत.

‘अर्ज लिहून दे’ आणि ‘काही लागलं तर सांग हं’. दोन्ही वाक्यं माझीच, दोन्ही चांगल्या मनानं म्हटलेली. आणि दोन्हींत ओझं त्याच माणसावर, ज्याला ते उचलवत नाही. मागायला येणं सगळ्यांना जमत नाही. म्हणून अशी एक जागा लागते जिथं तुम्हाला गरजू म्हणून जावं लागत नाही, विषय क्रमांक दोन म्हणून जाता येतं. त्या तळघरातल्या पिझ्झा खाणाऱ्या मुलांनी मला एवढं शिकवलं.

आता फराळ. पुढची अडचण अशी की कॉलेजच्या नियमानुसार घरी केलेलं खाणं कार्यक्रमात वाढता येत नाही. बाहेरच्या जेवणाचे पैसे कापलेले, घरचं चालत नाही. मुलांनी पुन्हा ठराव केला आणि जेवणघराच्या व्यवस्थापकांकडे नेला. दोन बैठकांनंतर ते तयार झाले : बायकांनी आमच्या स्वयंपाकघरात येऊन, आमच्या माणसांच्या देखरेखीखाली करायचं. मग काय, आम्ही पाच जणी केसांना जाळ्या आणि हातात मोजे घालून तिथं दाखल! सोऱ्या बघून तिथला स्वयंपाकी आधी लांब उभा होता. तासाभरानं तोच चकल्या पाडत होता. प्रत्येक पदार्थासमोर पाटी लावावी लागली : चकलीपुढे ‘यात तीळ आहेत’, चिवड्यापुढे ‘यात शेंगदाणे आहेत’, करंजीपुढे ‘यात गहू, दूध, सुका मेवा आहे’. लाडवांपुढे आमच्यातल्या एकीला ‘यात माया आहे’ असं लिहायचं होतं. व्यवस्थापकांनी नको म्हटलं.

डीजे नव्हता. कुणाच्या तरी स्पीकरवर गाणी लावली, मुलांनी आपापल्या याद्या आणल्या. वसतिगृहात मेणबत्त्यांना बंदी, म्हणून पणत्या बॅटरीच्या. त्याच आठवड्यात पेन्सिल्व्हेनियानं दिवाळीला राज्याच्या सणांच्या यादीत घेतलं होतं. सुट्टी नाही, नुसती नोंद. मुलांना त्याचंही अप्रूप होतं. पंधराशेत दिवाळी झाली. झगमगाट कमी होता, हे मान्य करते. न्यू जर्सीच्या त्या मुलाला शेवटपर्यंत डीजेची हळहळ होती आणि ती खोटी नव्हती.

डिसेंबरात आम्ही कुठे गेलो नाही. एका संध्याकाळी मी डबा घेऊन त्या स्वयंपाकघरात गेले. फ्रीजवर पाळ्यांची यादी चिकटवली होती : स्वयंपाक कुणाचा, भांडी कुणाची. घानाचा मुलगा भात लावत होता, एक नेपाळी मुलगी टोमॅटो चिरत होती, आमची बार्शीकर खर्चाच्या पावत्या वहीत डकवत होती. माझ्या डब्याची तिथं गरज नव्हती. तरी तिनं तो घेतला, वर तारीख घातली आणि ‘यात शेंगदाण्याचं कूट आहे’ असं लिहून फ्रीजमध्ये ठेवला.

या वर्षी कॉलेजनं त्या स्वयंपाकघराचा निम्मा खर्च आपल्या अंदाजपत्रकात घेतलाय. उरलेल्या निम्म्यावरून सेनेटचं आणि कॉलेजचं अजून चालूच आहे. म्हणजे हात झटकण्याबद्दल बोलणारा तो मुलगा अर्धा बरोबर होता.

आता जरा आपल्या घरात येते. व्हिसामुळे मला इथं मत नाही आणि भारतातलं मत द्यायला तिथं जावं लागतं. हात वर करायची माझी एकच जागा उरते : आपल्या मंडळाची वार्षिक सभा. ती आपण जेवण आणि नाटकाच्या मध्ये दहा मिनिटांत उरकतो. समिती बिनविरोध, हिशेब ‘वाचला असं समजावं’. मीही दर वर्षी समजतेच.

यंदा मी एक ठराव मांडणार आहे. आपल्या भागात नव्यानं आलेली विद्यार्थी मुलं आहेत, गाडी नसलेल्या, दिवसभर घरी एकट्या असलेल्या बायका आहेत, नातवंडांसाठी सहा महिने आलेले आणि कुणाला काही न सांगणारे आजी-आजोबा आहेत. शिलकीतला काही भाग दर वर्षी त्यांच्यासाठी बाजूला काढावा आणि कशावर खर्च करायचा ते सभेत आकडे दाखवून, मत घेऊन ठरवावं. ‘काही लागलं तर सांगा’ असं आपण सगळेच म्हणतो. ते वाक्य या वर्षी विषयपत्रिकेवर घालू या. विरोध असेल तर जरूर करा. मला आता त्याची सवय होऊ लागली आहे.

फक्त एक अनुमोदक लागेल. सभेआधी चहा मी करते. दिवाळीच्या सगळ्यांना मनापासून शुभेच्छा!